नववा दिवा

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज ओतकामाची ऑर्डर आली. पुन्हा लिहिते, कारण लिहायला बरं वाटतंय. आज ओतकामाची ऑर्डर आली. पॉलिश नाही, फुटक्या भांड्याला डाख नाही, मोडक्या कडीला नवा खिळा नाही. ओतकाम.

समोरच्या लाँड्रीच्या वर राहतात त्या सिस्टर आल्या होत्या. जन्मभर हॉस्पिटलात नर्स होत्या. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते आणि त्या गल्लीला पेशंट समजतात. आल्या आल्या त्यांनी बाबांची नाडी बघितली. आता मला जीभ दाखवायला सांगतात की काय असं वाटत होतं, तेवढ्यात पिशवीतून त्यांनी दाराच्या जुन्या पितळी मुठी काढून टेबलावर ठेवल्या. माहेरच्या घराच्या. ते घर पाडलं, आणि त्या घरातला दिवा सामान हलवताना जो गेला तो गेलाच. सिस्टर ज्यू आहेत. हिवाळ्यात त्यांचा हनुक्का नावाचा सण असतो आणि त्यात त्या खिडकीत दिवे लावतात हे मला समोरूनच माहीत होतं. गेली काही वर्षं बिचाऱ्या चहाच्या बश्यांत वाती लावून भागवत होत्या. ह्या वर्षी मुलगा, सून आणि नात येणार आहेत, खूप वर्षांनी. नातीला बश्या दाखवायची त्यांची तयारी नाही. ह्याच मुठी वितळवून दिवा करून हवा आहे. पहिला दिवा लागतो १४ डिसेंबरच्या संध्याकाळी.

मी हो म्हणून मोकळी झाले. मग त्या दिव्याचं वर्णन सांगू लागल्या. एका ओळीत, सगळे एका उंचीवर, एकही वरखाली नाही, आठ आणि एक. एवढं ऐकलं आणि माझ्या डोक्यात आकृती बसली. पुढे त्या आणखी काही सांगत होत्या, पण माझं लक्ष भट्टीकडे गेलं होतं. दिवा म्हणजे दिवा. दिव्यांच्या घरात जन्मलेय मी.

बाबा दाराशी त्यांच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. त्यांच्या हातांनी देवळांच्या घंटा, जहाजांचे कंदील, काय काय ओतलंय. आता त्यांचा उजवा हात कापतो. गेल्या हिवाळ्यात पितळ वितळवायची मूस कलंडली आणि उकळतं पितळ त्यांच्या पायापासून वितीवर सांडलं. त्या दिवशी मी स्पष्ट सांगितलं, "बाबा, आता तुम्ही फक्त बघायचं. हात लावायचा नाही." त्यांनी मुकाट्याने ऐकलं. तेव्हापासून भट्टी थंडच आहे.

संध्याकाळी दादाचा फोन. त्याला ती भट्टी डोळ्यांत खुपते. भट्टी काढ, तिथे आयत्या नळांचं दुकान घाल, म्हातारपणी बाबांना धूर नको, वगैरे. मी त्याला म्हटलं, हे एक काम माझ्या हातचं बघ आणि मग बोल. बिघडलं तर भट्टी मी स्वतः फोडते. तो म्हणाला, ठरलं. फोन ठेवल्यावर आठवलं. एकटीने मी आजवर कधी ओतलेलं नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वाळू मला जुमानत नाही. साच्याची वाळू मुठीत दाबली की मूठ उघडल्यावर तिची वळकटी टिकली पाहिजे आणि मोडली की मध्ये स्वच्छ तुटली पाहिजे. माझी एक तर भुगा होते, नाहीतर चिखल. पाणी घातलं, जास्त झालं. कोरडी घातली, गुठळ्या झाल्या. दिवसभर हाच उद्योग. बाबा खुर्चीतून बघत होते. एकदा तोंड उघडलं त्यांनी, मी म्हटलं, "सांगू नका, माझं मला जमलं पाहिजे." त्यांनी तोंड मिटलं आणि चहा मागितला. कप दोन्ही हातांनी धरतात हल्ली. उजव्या अंगठ्यावरचा तो जुना तिरका व्रण कपावर अगदी समोर येतो. पत्र्याने कापलं होतं, मी शाळेत होते तेव्हा. बोट बांधून त्याच दिवशी ओतायला उभे राहिले होते.

वैतागून वाळूवर ओलं पोतं टाकलं आणि वर आले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

चमत्कारच म्हणायचा. सकाळी पोतं काढून मूठभर वाळू दाबली, तर काय वळकटी! मोडली तर सुरीने कापल्यासारखी. एक गुठळी नाही. म्हणजे माझं प्रमाण बरोबरच होतं, तिला फक्त रात्रभर मुरायला हवं होतं. हे कुणी सांगितलं नाही, माझं मी शोधून काढलं. बाबांना दाखवलं तर त्यांनी मान डोलावली आणि "वा, मालकीणबाई" म्हणाले. खूश झाले की ते मला मालकीणबाई म्हणतात.

जाता जाता एक. बाबांच्या नखांत काळं कुठून येतं कळत नाही. दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस. अंघोळीला नवा साबण मागत होते, आणून दिला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

लाकडी नमुना तयार झाला. नऊ वाट्या, प्रत्येकीला वातीसाठी चोच, खाली लांब पट्टी, पट्टीला दोन पाय. नऊच्या नऊ एका ओळीत, कुठूनही बघा, पाण्यासारखी सरळ रेघ. मागे एक उभी चकचकीत पट्टी लावायचं माझ्या मनात आहे, म्हणजे उजेड परतून खोलीत पडेल आणि सिस्टरना त्या उजेडात वाचता येईल, विणता येईल. हे त्यांनी सांगितलेलं नाही. माझी कल्पना. बाबांनी नमुना हातात घेऊन बराच वेळ बघितला. "सिस्टरना दाखवलास?" म्हणाले. मी म्हटलं, आधी ओतते, मग एकदमच दाखवते. बघून थक्क होतील.

१ डिसेंबर, सोमवार

ओतलं. मी ओतलं. एकटीने.

सकाळी भट्टी पेटवायला गेले तेव्हा तिला वारा घालणारा पंखा अडकेल अशी धास्ती होती, वर्षभर फिरला नव्हता. कळ दाबली आणि तो लोण्यासारखा फिरला. मुठी वितळल्या, थोडं घरचं पितळ त्यात घातलं. मूस चिमट्याने उचलली, हात स्थिर. बाबांना मी दाराबाहेर बसवलं होतं, उगाच उठून जवळ येतील म्हणून. ओतून झाल्यावर वाट बघणं सर्वांत वाईट. साचा फोडला, वाळू झटकली, आणि नऊच्या नऊ वाट्या. एक छिद्र नाही, एक काठ मोडलेला नाही. मी भर गल्लीत ओरडले. लाँड्रीवाला इस्त्री हातात घेऊन बाहेर आला, त्याला वाटलं भाजलं कुणी.

दादाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर, "गिऱ्हाईक काय म्हणतं ते बघू." त्याचा स्वभाव. माझ्या आनंदात विरजण घालायला त्याला दूध लागत नाही. पण आज मला कुणी हात लावू शकत नाही. बाबांनी बोटाने एकेक वाटी चाचपली. डोळे पाणावले होते. अभिमान वाटला असणार, वाटायलाच हवा.

३ डिसेंबर, बुधवार

सिस्टरनी दिवा फिरवून फिरवून बघितला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "किती सुंदर केलंयस गं. पण हा मला लावता यायचा नाही."

मी चकचकीत पट्टी पुढे केली. म्हटलं, ही अजून बसवायची आहे, हिच्यामुळे उजेड दुप्पट पडेल, वाचता येईल. तर त्या हसल्या. वाईट हसू नव्हतं, पण मला झोंबलं. म्हणाल्या, ह्या आठ दिव्यांचा उजेड वापरायचा नसतो. त्यात वाचायचं नाही, शिवायचं नाही, नाणं पडलं तर शोधायचंही नाही. ते फक्त बघायचे. खिडकीत ठेवायचे, येणाऱ्याजाणाऱ्यानेही बघायचे.

मी म्हटलं, उपयोगच नाही तर दिवा कशाला? आमच्या बाबांनी बिनकामाची एक वस्तू जन्मात बनवलेली नाही.

त्या म्हणाल्या, "म्हणून तर नववा असतो. त्याचं नाव शमाश. म्हणजे सेवक. बाकीचे आठ त्याने लावायचे. घरात उजेड पडला, कुणाचं काही काम झालं, तर ते त्याच्या खात्यावर. म्हणून तो ओळीत नसतो. वर असतो किंवा बाजूला. तू त्याला ओळीत बसवलास, आता कामाचा कोण आणि बघायचा कोण हे कसं कळणार? मी त्या दिवशी सांगितलं होतं."

सांगितलं असेल. तेव्हाच मी भट्टीकडे बघत होते.

वर येऊन दार लावून रडले. चूक झाली म्हणून नाही. इतकं चांगलं काम चुकीचं ठरतं म्हणून. ओबडधोबड झालं असतं तर फोडून टाकायला काही वाटलं नसतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

दोन दिवस दिव्याकडे बघितलं नाही. दादाने विचारलं, गिऱ्हाईक काय म्हणालं? मी म्हटलं, विचार करतंय. तो ओळखून चुकला. मंगळवारी नळांच्या एजंटला पाठवू का म्हणाला. पाठवू नको म्हणून मी फोन आपटला.

जेवताना बाबा म्हणाले, "कापून काढता येतो."

मी म्हटलं, काय?

"शेवटची वाटी. आरीने कापली तर आठ नीट उरतात. पट्टी तेवढी आखूड होईल. नववा वेगळा ओत, दांडीचा, उचलता येईल असा. बाकीचे त्यानेच लावायचे आहेत ना, मग तो हातात धरता आला पाहिजे." एवढं बोलून भाताकडे वळले. हे मलाही सुचलंच असतं. आज रात्री किंवा उद्या सुचलं असतं. पण त्यांना आधी सुचलं हे लिहून ठेवते, उगाच खोटं कशाला.

७ डिसेंबर, रविवार

नववी वाटी कापली. कापताना दात आवळले होते. पण आठ उरले ते खरंच छान दिसतात. आखूड झाल्यामुळे जरा ऐटबाजच.

सिस्टर सकाळी आल्या, माझा राग गेला का ते बघायला. नवा बेत सांगितला तर त्यांनी माझा गालगुच्चा घेतला. ह्या वयात. मग बसून मला त्या सणाची गोष्ट सांगितली. ह्या वेळी मी नीट ऐकली. फार पूर्वी एका राजाने त्यांचं मंदिर बळकावलं, त्यांच्या चालीरीतींवर बंदी घातली. मूठभर लोक लढले आणि मंदिर परत मिळवलं. आत सगळी नासधूस. तिथला दिवा पुन्हा लावायचा तर शुद्ध तेलाची एकच कुपी सापडली, एका दिवसापुरती. ती आठ दिवस पुरली. म्हणून आठ दिवे, रोज एक वाढवायचा, आणि तेलाची आठवण म्हणून तळलेलं खायचं. त्यांच्या घरी बटाट्याच्या किसाच्या टिक्क्या करतात.

मी म्हटलं, एका दिवसाचं तेल तर होतंच, मग चमत्कार सातच दिवसांचा झाला की. हिशेबात मी कच्ची नाही. सिस्टर म्हणाल्या, हे सगळ्यांनाच पडतं कोडं, आणि उत्तरंही पुष्कळ आहेत. त्यांच्या वडिलांचं उत्तर असं, की पुरणार नाही हे दिसत असून त्यांनी दिवा लावला, पहिला दिवस त्या लावण्याचा.

ते उत्तर मला आवडलं. दिवसभर स्वतःशी घोळवत होते. पुरणार नाही हे दिसत असून.

९ डिसेंबर, मंगळवार

नववा ओतला. आज मात्र देवाने पाठ राखली.

मुठींचं पितळ फार थोडं उरलं होतं. बिघडलं असतं तर पुन्हा गाळायचं, प्रत्येक वेळी थोडं जळतंच, आणि सिस्टरच्या घराच्या मुठीचं पितळ बाजारात मिळत नाही. साचा भरला, नमुना हलकेच उचलला, आणि नेमकी दांडीखालची वाळूची कड ढासळली. चांगला अंगठाभर तुकडा. पितळ मुशीत तयार, ते थांबत नाही. तेवढ्यात पुढचं दार वाजलं. वाजलं ते वाजतच राहिलं. दादाचा नळांचा एजंट! पाठवू नको म्हटलं होतं तरी पाठवलाच. त्याला दारातच असा काही झापला की तो नमुन्यांची पेटी विसरून गेला आणि घ्यायला परत आल्यावर पुन्हा झापला.

परत आत आले तर बाबा खुर्चीत होते तसेच. साच्याकडे बघितलं, तर कड तितकी काही ढासळलेली नव्हती. घाबरल्यावर माणसाला उंदराचा हत्ती दिसतो. जराशी चेपल्यासारखी होती, एवढंच. ओतून टाकलं.

उत्तम आला. उभी दांडी, वर वाटी, चोच नीट. दांडीखाली मात्र अंगठ्याचं पेर उमटलंय, पितळेचं, रेषांसकट. मघाशी नमुना काढताना माझाच अंगठा दाबला गेला असणार. माझ्या मानाने रुंद वाटतं, पण वाळू पसरते. मध्ये एक तिरकी खाच आहे, एखादा खडा राहिला असेल. कानस घेऊन घासायला बसले होते. मग वाटलं, राहू दे. पहिल्या कामावर माझा अंगठा. सही न करता सही झाली.

बाबांना म्हटलं, "बघा, माझा शिक्का." त्यांनी चष्मा लावून बघितला. "छान उठलाय," म्हणाले.

१३ डिसेंबर, शनिवार

दिवा पूर्ण झाला. पट्टीच्या कडेला नववा बसेल अशी एक खोबण केली, बाकीच्यांहून तो उंच राहील अशी. पॉलिश करताना त्यात माझं नाक दिसत होतं. दुपारपासून सिस्टरना फोन लावतेय, उचलत नाहीत. खिडकीत हलताना दिसतात आणि फोन उचलत नाहीत. माझा संताप संताप झाला. एवढी रात्रंदिवस मरतेय मी आणि ह्यांना फोन जड. खाली जाऊन हाका मारणार होते, तर बाबा म्हणाले, "आज शनिवार. त्यांचा विसाव्याचा दिवस. घेणंदेणं नाही, फोन नाही. चांदण्या दिसेपर्यंत थांब."

चांदण्या दिसल्या आणि सिस्टर स्वतः जिना उतरून आल्या, घरच्या चपलांवर. दिवा हातात घेतला. आठ वाट्यांवरून बोट फिरवलं, मग नववा उचलला. उचलताना बोट दांडीखाली गेलं, तो अंगठा लागला. उलटा करून बघितला. मग माझ्या हाताकडे बघितलं, बाबांच्या हाताकडे बघितलं. मी म्हटलं, तो माझा अंगठा, चालेल ना? काढून देते हवं तर.

"काढू नकोस," त्या म्हणाल्या. "शमाशवर आहे. योग्य ठिकाणी आहे."

त्यांच्या मुठींची आठवण आली असेल, आवाज भरला होता. मला तर जग जिंकल्यासारखं वाटलं.

१४ डिसेंबर, रविवार

पहिला दिवा लागला. मला आणि बाबांना खास बोलावणं होतं. बाबांनी कोट काढला. सिस्टरचा मुलगा अबोल आहे, सून बोलकी, नात दात पडलेली. तिने चार बाजूंचा एक भोवरा माझ्या हातात दिला आणि मला तीनदा हरवलं.

अंधार पडल्यावर सिस्टरनी आधी नववा लावला, मग काही म्हटलं, अर्धं बोलून अर्धं गाऊन, आणि नवव्याने ओळीतला अगदी उजवीकडचा दिवा लावला. नववा परत आपल्या जागी ठेवला. खोलीत बाकी उजेड नव्हता. खिडकीत तो एक दिवा आणि वर बाजूला तो सेवक. माझ्या वाट्या. खाली रस्त्यावर एक माणूस थांबून बघून गेला, ते बघून मला मी वीतभर उंच झाल्यासारखं वाटलं.

टिक्क्या गरमागरम होत्या. बाबांनी मध्येच सिस्टरना विचारलं, आठच दिवस का पुरलं तेल? नऊ का नाही? सिस्टर म्हणाल्या, नवं शुद्ध तेल तयार व्हायला तेवढे दिवस लागायचे.

"म्हणजे तिकडे कुणीतरी तेल काढत होतं."

"असणारच."

"त्यांची नावं?"

"कुणी लिहून ठेवली नाहीत."

"मग कारागीर चांगले असणार," बाबा म्हणाले, आणि दोघंही हसायला लागले. सगळे दिव्याकडे बघत होते आणि बाबांचं काय भलतंच. दिव्याचं कौतुक निघेल म्हणून मी वाट बघत बसले होते. निघालं शेवटी, सुनेने काढलं. ओतकाम कुणी केलं विचारलं तर मी म्हटलं, मी, एकटीने. बाबांनी जोरात मान डोलावली.

१७ डिसेंबर, बुधवार

रोज संध्याकाळी आम्ही दुकानाच्या दारातून बघतो. नवा दिवा दर दिवशी त्यांच्या डावीकडे वाढतो, आणि लावताना नव्यापासून सुरुवात करतात. कालचे मागून. नव्याला पहिला मान, ही रीत दादाला शिकवायला हवी.

आज वर गेले होते. दिवे जळत असतात तेवढा वेळ घरातल्या बायका काम करत नाहीत. सिस्टर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. ह्या बाईला मी कधी रिकामी बघितली नाही. मी विचारलं, अवघड जातं का? म्हणाल्या, पेशंटजवळ नुसतं बसणं शिकायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागला. इंजेक्शन आठवड्यात आलं. नुसतं बघणं हेही कामच असतं, फक्त ते आपणहून करायचं असतं, दुसऱ्याने करायला सांगितलं की ते दुखतं.

हे शेवटचं मला कळलं नाही. त्यांना विचारणार होते, तेवढ्यात नात भोवरा घेऊन आली.

२१ डिसेंबर, रविवार

आज आठवा. दादा आला होता. मी बोलावलं नव्हतं, बाबांनी बोलावलं. नव्या इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि सिस्टरच्या खिडकीसमोर खाली रस्त्यातच थांबला. दिवे अजून लागले नव्हते, तरी पितळ दिसत होतं. "हे तू ओतलंस?" म्हणाला. मी मान डोलावली. बोलले असते तर रडले असते. तो म्हणाला, "भट्टी राहू दे." एवढंच. मग माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी, आणि नळाचा विषय संपला.

वर सगळे जमलो. सिस्टरनी एकामागून एक आठ लावले. सातव्या-आठव्याला खिडकीची काच उजळून गेली. नववा हातात तसाच होता. तो परत जागी ठेवायचा, तर त्या थांबल्या आणि बाबांच्या पुढे झाल्या. म्हणाल्या, "लावायचे ते मी लावले. आता ह्याला त्याच्या जागी बसवा. जागा बरोबर आहे का ते कारागिरानेच बघावं."

बाबांनी उजवा हात पुढे केला. तो कापत होता. ज्योत कापत होती. आत तेल, जवळ सिस्टरचा पडदा. मी "बाबा, द्या, मी" म्हणत उठले. सिस्टरनी माझ्याकडे न बघता माझ्या मनगटावर हात ठेवला, नाडी बघतात तसा. मी बसले.

बाबांनी दांडी धरली. त्यांचा अंगठा दांडीवर आला, त्या पितळेच्या अंगठ्याच्या शेजारी. दोन्हींवर उजेड होता. तोच रुंदपणा. तीच तिरकी रेघ, पत्र्याने कापलेली, माझ्या शाळेच्या दिवसांतली.

मला वाळू दिसली. पोतं, नखांतलं काळं, नवा साबण. वर्षभर न फिरलेला पंखा. दारावरचा एजंट, आणि मी आत येईपर्यंत खुर्चीत परत जाऊन बसलेले बाबा. कापणाऱ्या हाताने ढासळलेली कड अंगठ्याने चेपायची म्हणजे काय, हे मी ओतकाम करते म्हणून मला कळतं. मला जमलं नसतं.

त्यांनी नववा जागी बसवला. जागेपर्यंत नेताना हात कापत होता, बसवताना नाही. ज्योत सरळ उभी राहिली. दादा म्हणाला, "फिट्ट बसला." बाबांनी मागे होऊन ओळ बघितली, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पोरीने केलंय." सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यांची छाती अशी फुगली होती की कोटाचं बटण ताणलं गेलं. माझा इतका अभिमान कुणाला वाटलेला मी बघितला नाही, आणि माझी मान खाली गेली आणि त्याच वेळी वरही होत होती.

येताना रस्ता ओलांडायला मी त्यांचा हात धरला. तो उजवाच धरला. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी दार वाजलं तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"तूच सांगितलंस ना फक्त बघायचं," ते म्हणाले. "बघत होतो."

दुकानाच्या दारापर्यंत आलो. वर सिस्टरच्या खिडकीत आठ आणि एक. खूप वेळ दोघं नुसते बघत उभे होतो. मग मी म्हटलं, "उद्यापासून वाळू तुम्ही भिजवायची. माझ्या देखत. मला शिकवायची."

त्यांनी खिशातून किल्ली काढली, कुलपाला लावली, पहिल्यांदा लागली नाही, दुसऱ्यांदा लागली.

"उद्याची भिजवलीये," म्हणाले. "सकाळीच."